हत्ती दिसला, घोडे दिसले. आपला पोरगा कुठे होता?

मैदानावरचे सगळे दिवे एकदम गेले. हजारो माणसांची कुजबुज थांबली. मग डावीकडून नगारा वाजू लागला, मशाली पेटल्या आणि आमच्या खुर्च्यांपासून दहा-बारा पावलांवरून एक खराखुरा हत्ती डुलत पुढे गेला. त्याच्या मागे घोडे, घोड्यांमागे भालदार-चोपदार आणि समोर तीन मजली किल्ला. माझ्या शेजारी बसलेल्या वहिनींनी "अगं बाई!" म्हणून माझ्या पत्नीचा हात घट्ट धरला. खरे सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. मी कारकून माणूस. दिवसभर आकड्यांत डोके घालून बसणारा. तरी त्या क्षणी मी लहान पोरासारखा तोंड उघडे टाकून बघत होतो.

ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही मुळशी तालुक्यातली माणसे. वस्तीतल्या चार कुटुंबांनी मिळून टेम्पो केला आणि पौड रस्त्याने पुण्याला शिवाजी महाराजांवरचे एक महानाट्य पाहायला गेलो. जाण्याचे खरे कारण हत्ती नव्हता. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, आमचा पुतण्या, त्या नाटकात मावळा झाला होता. अशा महानाट्यांना मुख्य नटांशिवाय गर्दीसाठी शे-दीडशे माणसे लागतात आणि ती बहुतेक वेळा स्थानिक मुलांतूनच घेतली जातात. पुतण्या पंधरा दिवस तालमीला गेला होता. वहिनींनी सगळ्या वस्तीला सांगितले होते, "माझा पोरगा नाटकात हाय."

तीन तास नाटक चालले. वहिनी पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "भावजी, आपला कुठला?" समोर साठ-सत्तर मावळे पळत होते. सगळ्यांचे मुंडासे सारखे, सगळ्यांच्या हातात मशाल, आणि प्रकाशझोत मात्र घोड्यावरच्या नटावर. शेवटपर्यंत आम्हाला आमचा पोरगा दिसला नाही. परत येताना टेम्पोत सगळे हत्तीबद्दल बोलत होते. वहिनी गप्प होत्या. चांदणी चौक गेल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "हत्ती दिसला, घोडं दिसलं. माझं लेकरू तेवढं दिसलं नाही."

ते वाक्य माझ्या मनात तेव्हापासून घर करून बसले आहे. भव्य नाटकाची आपल्याला एवढी ओढ का वाटते, त्यातून आपल्याला काय मिळते आणि आपले काय हरवते, याचा हिशेब मांडावा असे वाटले म्हणून हा लेख.

दिपवणे ही जुनीच कला

आपल्याला वाटते की भपका हा आजकालचा प्रकार आहे. तसे नाही. मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ साली सांगलीला विष्णुदास भावे यांच्या 'सीता स्वयंवर'पासून मानला जातो. नाटकाला सांगली संस्थानच्या राजाचा आश्रय होता. त्या काळच्या पौराणिक नाटकांत राक्षस येत, तेव्हा आरडाओरडा, उड्या, तलवारींचा खणखणाट आणि राळेचा भपका उडे. लोकांनी त्यांना 'अललडुर्र' नाटके असे नावच पाडले होते. म्हणजे प्रेक्षकाला आधी चकित करावे, मग गोष्ट सांगावी, ही युक्ती पावणेदोनशे वर्षांची आहे.

पुढे संगीत नाटकांचा काळ आला. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनी १९१३ साली स्थापनेत भाग घेतलेल्या गंधर्व नाटक मंडळीचा थाट विचारू नका. उंची शालू, दागिने, अत्तरे, भारी गालिचे. रंगभूमीवरच्या वस्तू खऱ्या आणि मोलाच्या हव्यात हा त्यांचा आग्रह. परिणाम काय झाला? कीर्ती अमाप मिळाली आणि कंपनी कर्जात बुडाली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने मला यातला धडा सरळ दिसतो. थाट एकदा सुरू केला की तो दरवर्षी वाढवावाच लागतो, कमी केला तर लोक म्हणतात, "पूर्वीसारखे राहिले नाही."

पण त्याच बालगंधर्वांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकात त्यांनी दारुड्याची बायको सिंधू उभी केली. तिथे शालू नाही, दागिना नाही. गरिबीने गांजलेली, साध्या लुगड्यातली बाई. आणि ज्यांनी त्यांचे भरजरी रूप पाहिले होते, तेच प्रेक्षक सिंधूसाठी रडले. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी आयाबहिणींना सिंधू कळायला नेपथ्याची गरज लागणार नाही. ती त्यांच्या शेजारीच राहते.

१९२१ : तिकडे नाटक, इकडे मुळशी

आता एक साल लक्षात ठेवा. १९२१. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन मोठ्या नाटक कंपन्यांचे दोन मोठे नट, एकाच रंगमंचावर उभे राहिले. तिकिटांचे दर त्या काळच्या मानाने डोळे पांढरे करणारे होते, तरी गर्दी मावली नाही. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला देण्यात आले. मराठी नाटकाच्या इतिहासात ही रात्र सोन्याच्या अक्षरांनी लिहिलेली आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, १६ तारखेला, आपल्या मुळशी खोऱ्यात सत्याग्रह सुरू झाला होता. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीचे धरण होणार होते. कंपनीला वीज करायची होती; खोऱ्यातल्या गावांची शेते आणि घरे पाण्याखाली जाणार होती. मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. पुढे सेनापती बापट या लढ्याचे पुढारी झाले. सत्याग्रह १९२४ पर्यंत टिकला आणि शेवटी हरला. धरण झाले. १९२७ साली भिरा येथे वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईकडे गेली.

कुणी म्हणेल, नाटकाचा आणि धरणाचा संबंध काय? संबंध दिव्यांचा आहे. रंगमंचावर लखलखाट होतो तेव्हा ती वीज कुठून तरी आलेली असते. कुणाचे तरी शिवार बुडालेले असते. आणि ज्यांच्या नावावर शेतच नव्हते, जे दुसऱ्याच्या बांधावर राबत होते, त्यांची नोंद भरपाईच्या कागदावर कशी होणार? मावळ्यांवर आज मोठमोठी नाटके होतात. पण १९२१ साली मुळशीत खरोखर बसलेल्या मावळ्यांवर हत्ती-घोड्यांचे महानाट्य झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

'जाणता राजा' आणि ध्वनिफीत

महाराष्ट्रात 'महानाट्य' हा शब्द घरोघरी पोचवला तो बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'जाणता राजा'ने. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते सुरू झाले. दोनशेच्या वर कलावंत, हत्ती, उंट, घोडे, उघड्या मैदानावरचा अनेक मजली रंगमंच. हजारावर प्रयोग झाले. २०१८ साली दिल्लीच्या लाल किल्ल्यावरही प्रयोग झाले. इतक्या माणसांना एका शिस्तीत बांधणे हे सोपे काम नाही आणि ते कौशल्य मान्य करायलाच हवे.

मात्र त्यातल्या इतिहासावर बहुजन चळवळीने वेळोवेळी हरकत घेतली. 'जाणता राजा' हे शब्दच समर्थ रामदासांच्या लेखनातले आहेत. रामदास आणि दादोजी कोंडदेव यांना महाराजांचे गुरू म्हणून किती जागा द्यायची, हा वाद जुना आहे. २०१० साली पुण्यातल्या लाल महालातून दादोजींचा पुतळा हलवण्यात आला. २०१५ साली पुरंदऱ्यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार जाहीर झाला तेव्हा राज्यभर दोन तट पडले. त्याच्याही आधी, १८६९ साली, जोतीराव फुल्यांनी शिवाजी राजांचा पवाडा रचून त्यांना कष्टकरी रयतेचा राजा म्हणून उभे केले होते. राजा एकच, पण त्याच्या बाजूला कोण उभा आहे आणि प्रकाशझोत कुणावर आहे, यावरून गोष्ट बदलते.

इथे मला तंत्रातली एक गोष्ट सांगायची आहे. एवढ्या मोठ्या मैदानात नटाचा आवाज पोचत नाही. म्हणून महानाट्यांत संवाद बहुधा आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात. नट फक्त हातवारे करतात आणि आवाज भोंग्यातून येतो. हे पुतण्याने मला सांगितले तेव्हा मी विचारले, "मग एखाद्या नटाला खोकला आला तर?" तो हसून म्हणाला, "काका, फीत थांबत नाही. आपणच तिच्यामागं पळायचं."

फीत थांबत नाही, हीच महानाट्याची मुख्य गोष्ट आहे. प्रेक्षक हसला, रडला, उठून काही बोलला, तरी पुढचे वाक्य ठरलेल्या सेकंदाला येणारच. प्रेक्षकाने बघायचे आणि दिपून जायचे. त्याने उत्तर द्यायची सोयच ठेवलेली नाही.

आपल्याकडे दिवा छोटा होता

आपली नाट्यपरंपरा या बाबतीत अगदी उलटी आहे. फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही. त्यात राजवाडा नाही. एक शेतकरी जोडपे, त्यांना फसवणारा जोशी आणि गोष्ट चालू असताना मध्ये बोलणारा विदूषक. नंतर सत्यशोधक जलसे निघाले. १९३० नंतर नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्या मंडळींनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. तमाशाचा साचा घेतला आणि आत विचार भरला. ढोलकी, तुणतुणे, पेट्रोमॅक्स, आणि रंगमंच म्हणजे वस्तीतले पटांगण. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, मुलांना शाळेत घाला, हे सांगायला त्यांना किल्ला उभारावा लागला नाही. बाबासाहेबांनी या जलशांचे मोल आपल्या सभांहूनही मोठे मानले, असे जुने कार्यकर्ते सांगत.

मिलिंद महाविद्यालयाच्या म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' नाटक औरंगाबादला बाबासाहेबांनी स्वतः पाहिले आणि १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी ते अफाट जनसमुदायासमोर झाले. प्रेमानंद गज्वींची 'घोटभर पाणी' ही तर दोन पात्रांची एकांकिका. दोन माणसे आणि तहान, एवढ्यावर तिचे असंख्य प्रयोग झाले. अलीकडे, २०१२ साली, 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आले. संकल्पना संभाजी भगत यांची, लेखन राजकुमार तांगडे यांचे, दिग्दर्शन नंदू माधव यांचे. काम करणारे बरेचसे जालना जिल्ह्यातले शेतकरी तरुण. यम महाराजांना न्यायला येतो. पण त्यांचे विचार मागेच राहतात आणि ते कोणाच्या डोक्यात बसतात याचा शोध सुरू होतो. या नाटकात हत्ती नाही. तरी ते पाहून बाहेर पडणारा माणूस हत्तीबद्दल नाही, महाराजांबद्दल बोलत असे.

पत्नीने घेतलेली हरकत

हे सगळे मी एकदा जेवताना मोठ्या ठसक्यात बोलून दाखवले. पत्नी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "अहो, तुमचं बरोबर असेल. पण आम्ही बाया जन्मभर दहा बाय बाराच्या खोलीत राहतो. दोन तास महाल बघितला तर काय बिघडलं? श्रीमंतानं बघितला तर ती कला, आणि आम्ही बघितला की उधळपट्टी?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हते. आणि ते नव्हते हे बरेच झाले. गरिबाने साधेच बघावे, हा उपदेश बहुतेक वेळा पोट भरलेले लोक करतात. अजिंठा-वेरूळची लेणी साधी आहेत का? दीक्षाभूमीचा स्तूप पाहून आपली मान ताठ होत नाही का? भव्यता माणसाला सांगते की, तूही एवढ्या मोठ्या गोष्टीचा धनी आहेस. २०२२ साली दिल्ली सरकारने जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर बाबासाहेबांच्या जीवनावर भव्य संगीत नाटक केले. शंभर फुटी रंगमंच आणि प्रवेश विनामूल्य. ज्या माणसाला वर्गाबाहेर बसावे लागले, त्याची कथा राजधानीत राजाच्या थाटात सांगितली गेली. हे पाहून ज्याचा ऊर भरून आला, त्याला मी नावे ठेवणार नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. पाहा, पण हिशेब ठेवून पाहा. आमच्या घरातल्या पाच माणसांच्या त्या रात्रीचा खर्च असा : तिकिटे १,५०० रुपये, टेम्पोतला वाटा ६०० रुपये, वडापाव-पाणी ३५० रुपये. एकूण २,४५०. पुतण्याला एका रात्रीचे २५० रुपये आणि जेवण ठरले होते. तीन रात्रींचे पैसे हातात पडायला दीड महिना गेला. ज्या घरातून महानाट्यात २,४५० रुपये गेले, त्याच घराला त्यातून ७५० मिळाले. पैशाचा हिशेब असा. मनाचा हिशेब वेगळा ठेवावा. नाटक पाहून घरी आल्यावर मुलांना तीन प्रश्न जरूर विचारा. गोष्ट कोणी सांगितली? तिच्यात आपल्यासारखी माणसे कुठे उभी होती? आणि त्यांना एक तरी वाक्य होते का?

जयंतीची बैठक

हा प्रश्न आमच्या वस्तीतही येऊन उभा राहिला. जयंतीच्या तयारीची बैठक विहारात भरली. वर्गणी ७०,००० रुपये जमली होती. मंडप, जेवण आणि मिरवणूक मिळून ३५,००० जाणार होते. उरलेल्या ३५,००० मध्ये मोठा एलईडी पडदा आणि राजवाड्यासारखा देखावा उभा करायचा, असे तरुणांचे म्हणणे. खजिनदार म्हणून मी विरोध केला. एक मुलगा तावातावाने म्हणाला, "काका, बाकीच्या गावात तीस फुटी देखावे होतात. आपण काय कायम सतरंजीवरच बसायचं?" त्याच्या बोलण्यात राग कमी आणि लाज जास्त होती. ती लाज आपण त्याला दिलेली नाही, पण ती घालवणे आपले काम आहे.

दोन तास वाद झाला. शेवटी ठरले : १२,००० रुपये चांगला आवाज, दिवे आणि काळा पडदा यांसाठी, २३,००० अभ्यासिकेची टेबले आणि पुस्तके यांसाठी, आणि नाटक वस्तीतल्या मुलींनी स्वतः लिहून करायचे. दिव्यांची जबाबदारी पुतण्याने मागून घेतली. महानाट्यात तो मशाल धरून उभा राहिला होता, पण डोळे मिटून नव्हता. अंधार किती वेळ ठेवायचा, झोत कुठून टाकायचा, हे त्याने पाठ केले होते. म्हणजे त्या मैदानावरून तो रिकाम्या हाताने आला नव्हता, हेही मला मान्य करावे लागले.

मुलींनी म्हाताऱ्या बायांना विचारून पाण्यावर अर्ध्या तासाचे नाटक बसवले. प्रयोगाच्या रात्री एक मुलगी डोक्यावर घागर घेऊन विहिरीपाशी आली. तेवढ्यात प्रेक्षकांतून वस्तीतल्या सर्वांत वयस्कर आजी मोठ्याने म्हणाल्या, "तसं न्हवतं, बाय. विहिरीला आपुन कुठं शिवायचो? ते वरनं वतायचे, आपुन खाली वंजळ धरायची."

मुलगी थांबली. सगळा मंडप थांबला. मग ती घागर खाली ठेवून म्हणाली, "आजी, कशी ते दाखव की." आजी दोघींच्या आधाराने उठल्या, पुढे आल्या, वाकल्या आणि दोन्ही हातांची ओंजळ धरून उभ्या राहिल्या. आणि पुतण्याने काय केले, तर सगळे दिवे मालवले आणि एकच झोत त्या ओंजळीवर टाकला. त्या थरथरत्या, सुरकुतलेल्या हातांकडे तीनशे माणसे श्वास रोखून बघत होती. तीस फुटी देखावा मागणारा तो मुलगाही माझ्या शेजारी उभा होता. त्याने डोळे पुसले.

इथे फीत थांबली होती. किंबहुना फीत नव्हतीच, म्हणून आजींना जागा मिळाली.

कार्यक्रम संपल्यावर वहिनी दिव्यांच्या खांबापाशी गेल्या. पोरगा वायरी गुंडाळत होता. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आज तू कुठं उभा होतास, ते मला दिसलं."